पाच दिवसांत शंभर घरं: मळवलीला आलेले दोन हजार बिगारी

लोणावळ्याहून पुण्याकडे येणाऱ्या लोकलचं पहिलं स्टेशन मळवली. भाजे लेणी, लोहगड, विसापूर बघायला जाणारी मंडळी इथेच उतरतात. पावसाळ्यात तर रविवारी पाय ठेवायला जागा नसते. स्टेशनजवळच पाटण नावाचं गाव आहे. २९ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर २००६ या आठवड्यात या भागात दोन हजारांहून जास्त माणसं जमली होती, पण ती लेणी बघायला आली नव्हती. डोक्यावर हेल्मेट आणि हातात थापी घेऊन ती गावातल्या गरीब कुटुंबांसाठी शंभर घरं बांधत होती. त्यांच्यात अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर आणि त्यांच्या पत्नी रोझलिन होत्या. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते.

बातम्या तेव्हा बऱ्याच आल्या, पण त्या बहुतेक ब्रॅड पिटच्या होत्या. 'अ माइटी हार्ट' या सिनेमाचं शूटिंग त्या दिवसांत पुण्यात चाललं होतं आणि तो निर्माता म्हणून पुण्यातच होता. एक दिवस साइटवर आला, काम केलं, कॅमेरे त्याच्या मागे. जॉन अब्राहमही आला होता. ते असो. माझा विषय वेगळा आहे. आपलं घरदार, नोकरी सोडून परक्या गावात दुसऱ्याचं घर बांधायला जाणाऱ्या माणसाचे दिवस कसे जातात, त्याच्या मेहनतीचा खरा फायदा कोणाला होतो आणि आपल्या तंजीमा, जमाती पूर-दरडीनंतर नौजवानांना कुठेकुठे पाठवतात त्यांनी यातून काय घ्यावं, हे मला लिहायचं आहे. जुलै २०२१ च्या पुरानंतर महाड-चिपळूणला चिखल काढायला आपली कितीतरी मुलं गेली. माझे काही जुने विद्यार्थीही गेले होते. चिखल काढणं वेगळं आणि घर बांधणं वेगळं. चिखलाला फक्त ताकद लागते.

या कामामागची संस्था हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी. १९७६ मध्ये मिलार्ड फुलर आणि त्यांची पत्नी लिंडा यांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अमेरिकस या गावी ती सुरू केली. फुलर कमी वयातच लखपती झालेले वकील-व्यापारी होते. नंतर संपत्ती वाटून टाकून ते कोइनोनिया नावाच्या एका शेतीवर राहायला गेले. १९४२ मध्ये सुरू झालेल्या या शेतीवर काळे आणि गोरे एकत्र राहत, एकत्र जेवत. त्या काळी त्या भागात हा गुन्हाच समजला जायचा. शेतीवर बहिष्कार टाकला गेला, हल्ले झाले. घरं बांधायची कल्पना तिथूनच निघाली. कार्टर यांचं प्लेन्स हे गाव अमेरिकसपासून जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटरवर. निवडणूक हरून घरी परतल्यावर ते या कामात आले आणि १९८४ पासून वर्षातला एक आठवडा त्यांनी त्यासाठी राखून ठेवला. न्यूयॉर्कमधल्या एका मोडक्या इमारतीच्या दुरुस्तीने सुरुवात झाली, आणि असंच एक वर्ष मळवलीच्या वाट्याला आलं.

संस्था ख्रिस्ती विचारातून निघालेली आहे, हे लपवायचं कारण नाही. आपल्याकडे लगेच विचारतात, मग मिशनरी काम आहे का? संस्थेचं धोरण असं की घर देताना धर्म विचारायचा नाही, आणि घराच्या बदल्यात कोणी धर्म ऐकून घ्यावा अशी अटही घालायची नाही. मला वाटतं, हा प्रश्न आधी आपणच आपल्याला विचारायला हवा. आपण मदतीची यादी करतो तेव्हा गल्लीतल्या गैरमुस्लिम विधवेचं नाव त्यात येतं का? महाड-चिपळूणला आपल्या पोरांनी घराघरातला चिखल काढताना कोणाचं नाव विचारलं नव्हतं. तीच रीत घराच्या यादीलाही लागू व्हावी.

व्याज नाही, पण फुकटही नाही

फुलर यांचा मूळ नियम फार साधा होता. घर नफ्याशिवाय विकायचं आणि त्याच्या कर्जावर व्याज घ्यायचं नाही. गरिबाला कर्ज दिलं तर त्याच्यावर व्याज लावू नका, हा तौरातमधला हुकूम त्यांनी आधाराला घेतला. आपल्याला हे वाचून नवल वाटायला नको. आपण यालाच कर्ज-ए-हसना म्हणतो. घरमालकाने हप्ते भरायचे आणि ते एका फंडात जमा व्हायचे. त्या फंडातून पुढचं घर उभं राहायचं. म्हणजे आज घर मिळालेला माणूस उद्याच्या माणसाचा मददगार होतो. पुढे संस्था जगभर पसरली, तसतशा कर्जाच्या पद्धती देशोदेशी बदलल्या, बचत गट आणि मायक्रोफायनान्सही आले. पण 'फुकट वाटप नाही' हे तत्त्व टिकलं.

दुसरी अट मेहनतीची. ज्याचं घर, त्याने स्वतः त्यावर राबायचं, आणि शेजाऱ्याच्या घरावरही. अमेरिकेत यासाठी काही शे तास ठरवून दिलेले असतात. आपल्याकडे 'लाभार्थी' हा शब्द इतका रूळलाय की हात पसरून उभा असलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो. इथे तो माणूस हातात घमेलं घेऊन उभा असतो. बाहेरून आलेला स्वयंसेवक त्याच्या शेजारी काम करतो, त्याच्या जागी नाही. सगळं प्रकरण या फरकावर उभं आहे असं मला वाटतं.

आपल्या सरकारी घरकुलातही हा विचार थोडा आहे, लोकांना माहीत नसतो एवढंच. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ ला सुरू झाली. तिच्यात केंद्राच्या मूळ नियमाप्रमाणे सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये टप्प्याटप्प्याने मिळतात. त्याशिवाय स्वतःच्या घरावर केलेल्या कामाची ९० ते ९५ दिवसांची मजुरी रोजगार हमीतून मिळते. शौचालयाचे १२ हजार वेगळे. घर किमान २५ चौरस मीटरचं असलं पाहिजे. या योजनेत अल्पसंख्याकांसाठी १५ टक्के वाटा राखायची तरतूद आहे. आपल्या किती लोकांनी ग्रामपंचायतीत जाऊन यादी बघितली? घर नवरा-बायको दोघांच्या नावावर किंवा बाईच्या नावावर व्हावं, असंही योजना सांगते. शाळेत पालकांशी बोलताना मी हे मुद्दाम सांगते, कारण तलाक किंवा नवऱ्याच्या इंतकालनंतर छपराखालून बाहेर काढलेल्या आया मी बघितल्या आहेत.

मावळात अडतं ते जागेवर. २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला, मुंबई-पुणे दोन्हीकडून इथे यायला वेळ कमी लागू लागला आणि कार्ला, मळवली, कुसगाव या पट्ट्यात बंगल्यांची रांग लागली. बंगला मुंबईवाल्याचा, आणि त्याची राखण करणारा, झाडलोट करणारी ही गावातलीच माणसं. त्यांचं स्वतःचं घर कुडाचं किंवा पत्र्याचं. कातकरी वस्त्यांत तर पायाखालची जमीनही नावावर नाही. नावावर जागा नसली की घरकुल मंजूर होऊनही कागदावरच राहतं. यासाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी अर्थसहाय्य योजना आहे, तिची चौकशी पंचायत समितीत करावी. घर बांधायला टीम पाठवायच्या आधी जागेचा नमुना आठ कोणाच्या नावावर आहे ते बघणं, हे पहिलं काम. थापी फार नंतर येते.

दिवस कसा जातो

पाच दिवसांत घर म्हणजे शून्यापासून घर नव्हे. काँक्रीटला सात दिवस तरी पाणी मारावं लागतं, ते कार्टर आले म्हणून घाई करत नाही. अशा उपक्रमांत पाया, जोतं आणि वाळू-सिमेंट-विटांची जमवाजमव आधीच झालेली असते. पाहुणे येतात ते भिंती चढवायला, छपराला आणि रंगाला. वेळही विचार करून निवडावी लागते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणून बांधकामाचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंतच. २००६ ला दिवाळी २१ ऑक्टोबरला होती, रमजान ईद २५ ला. दोन्ही सण उरकले आणि चार दिवसांनी लोक मळवलीत पोहोचले.

टीम घराप्रमाणे वाटली जाते. एका घरावर एक प्रमुख, हाताखाली गवंडी, आणि बाकी सगळे बिगारी. बँकेचा मॅनेजर, डॉक्टर, कॉलेजची पोरं, परदेशी आजी, सगळे बिगारी. ज्या माणसाला ऑफिसात कोणी 'सर' म्हटल्याशिवाय बोलत नाही, त्याला इथे विशीतला गवंडी सांगतो, "काका, माल पातळ झाला, परत मळा." पहिल्या दिवशी हे जड जातं. दुसऱ्या दिवशी हाताला फोड येतात आणि माणूस गप्प होऊन ऐकायला लागतो.

काम शिकायला वेळ लागतो आणि ते दिसतं तेवढं सोपं नाही. वीट आधी पाण्यात भिजवायची, नाहीतर ती मालातलं पाणी पिऊन टाकते आणि सांधा कच्चा राहतो. कोपऱ्याच्या विटा गवंडीच लावतो, त्यांना दोरी बांधतो, मग मधली रांग दुसऱ्याला देतो. दर थोड्या थरांनी ओळंबा सोडून बघायचं. पाणी घातलेला माल अर्ध्या तासात संपवायचा. सुकला म्हणून वरून पाणी शिंपडून परत वापरायचा नाही, नवशिके हेच करतात. आणि एका दिवसात भिंत साधारण पाच फुटांच्या वर चढवायची नाही, ओल्या सांध्यांवर भार येतो. उत्साही टीमला थांबवणं हे गवंड्याचं सर्वात कठीण काम असतं, कारण शेजारच्या घराची भिंत वर गेलेली दिसली की शर्यत सुरू होते. भिंत वाकडी गेली तर संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती उतरवून परत बांधायला गवंडीच लागतो. त्याचा रोज कोण देणार, हे आधी ठरलेलं असावं.

कार्टर यांना सुतारकाम उत्तम यायचं, फर्निचर ते स्वतः करायचे. साइटवर ते कामाच्या बाबतीत कडक. फोटोसाठी थांबणं त्यांना आवडायचं नाही. प्रत्येक घराच्या टीमबरोबर ठरलेल्या वेळी एक फोटो, बस्स. आपल्या मदतकार्यात ब्लँकेट एक आणि फोटोत हात सात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. ज्याचं घर पडलंय त्याच्या चेहऱ्यावरचं ते कसनुसं हसूही बघितलंय. २०१९ मध्ये ९५ वर्षांचे कार्टर घरी पडले, कपाळाला १४ टाके पडले, डोळा काळानिळा झाला, तरी ते नॅशव्हिलला घरं बांधायला हजर झाले. तो त्यांच्या शेवटच्या काही कामांपैकी एक आठवडा. २९ डिसेंबर २०२४ ला वयाच्या शंभराव्या वर्षी ते गेले.

त्यांच्या घरात हे आईपासून आलं होतं, आणि तिचा संबंध थेट आपल्या विक्रोळीशी आहे. लिलियन कार्टर नर्स होत्या. १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून त्या विक्रोळीच्या गोदरेज कॉलनीत आल्या आणि १९६८ पर्यंत तिथल्या दवाखान्यात काम केलं. घरी लिहिलेल्या त्यांच्या पत्रांचं पुढे पुस्तक निघालं, 'अवे फ्रॉम होम'. घरापासून दूर. अडुसष्टाव्या वर्षी आपल्याकडे माणूस हजला जातो किंवा गुडघ्यांची तक्रार करतो. ही बाई कुष्ठरोग्यांची सेवा करायला सातासमुद्रापार आली होती.

मेहमान कमी, ओझं कमी

परक्या गावात राहताना खरी परीक्षा साइटवर होत नाही, ती संडास, पाणी आणि जेवणाच्या वेळी होते. लहान गावात पन्नास माणसं अचानक आली तर विहिरीवर आणि संडासावर ताण येतो. बाया टीममध्ये असतील तर त्यांची सोय पहिल्या दिवसाआधी व्हायला हवी. मी हे लिहिते कारण पुरुष मंडळी नियोजन करतात तेव्हा हा मुद्दा यादीत सर्वात खाली असतो. गावातली गरीब घरं पाहुणचाराला हात आखडत नाहीत. चहा तर दहा वेळा येतो. पण तो दुधाचा खर्च त्या घराचा असतो. टीमने आपलं जेवण, आपलं पाणी, आपली चटई घेऊन जावी. मावळातल्या बऱ्याच वाड्यांवर वारकरी घरं आहेत, तिथे एकादशीच काय, एरवीही सामिष चालत नाही. विचारून घ्यावं. गावात दम बिर्याणीचा डेग चढवणं म्हणजे खिदमत नाही.

आपल्या मुलांना हमखास पडणारे दोन प्रश्न. पहिला, कसर नमाजचा. पुण्याहून मळवली पन्नास-पंचावन्न किलोमीटर, त्यामुळे पुणेकर तिथे शरई मुसाफिर ठरत नाही, नमाज पूर्ण. मुंबईकरांचा हिशोब हद्दीवर येतो. शहराच्या वेशीपासून अंतर किती आणि मसलक हनफी की शाफई, यावर ते ठरतं, म्हणून निघण्यापूर्वी आपल्या मुफ्ती साहेबांना विचारावं. दुसरा प्रश्न सिमेंटचा. हातावर सिमेंट सुकून बसलं की त्याखाली पाणी पोहोचत नाही, वजूच्या आधी ते काढावंच लागतं. आणि नुसत्या वजूचा प्रश्न नाही, ओलं सिमेंट कातडी जाळतं. रबरी हातमोजे घाला, आणि माल लागला की लगेच भरपूर पाण्याने धुवा.

आता नेहमीचा आक्षेप. अमेरिकेहून मळवलीला यायच्या विमान तिकिटात इथल्या किती गवंड्यांची मजुरी निघाली असती? आक्षेप खरा आहे. फक्त भिंतीचा हिशोब केला तर स्वयंसेवक महागात पडतो. आपल्याकडेही पुण्या-मुंबईहून बस भरून पोरं न्यायची, त्यांचं खाणंपिणं बघायचं, त्यापेक्षा तेवढ्या पैशात गावातलेच चार गवंडी आणि आठ बिगारी लावले तर काम चांगलं होईल आणि पूरग्रस्त गावात रोजगारही राहील. मग टीम कशाला? ती पैसा उभा करते. जो माणूस स्वतः राबून आलाय, तो पुढची दहा वर्षं त्या कामासाठी चंदा गोळा करतो. तिच्यामुळे अडलेल्या कागदाकडे साहेब लोकांचं लक्ष जातं. आणि ज्याने पत्र्याच्या घरात एक दुपार काढली, तो गरिबाच्या 'आळशीपणा'वर भाषण देत नाही. सीरतमध्ये मस्जिद-ए-नबवीच्या बांधकामाचा प्रसंग आपण मुलांना शिकवतो. हुजूर ﷺ स्वतः विटा वाहत होते, आणि बाकीचे एक-एक वीट नेत असताना हजरत अम्मार दोन-दोन नेत होते.

माझं मत विचाराल तर पंधरा जणांची टीम, सात दिवस, एकच वस्ती, आणि गावातलेच गवंडी मजुरी देऊन. खर्चाची मोठी रक्कम घरावर, छोटी प्रवासावर. घरकुलाच्या १ लाख २० हजारांत घर पूर्ण होत नाही, तेव्हा जी दरी उरते ती कर्ज-ए-हसनाच्या फंडातून भरावी, हप्ता त्या घराला झेपेल एवढाच ठेवावा. एखाद्याचं काम सुटलं तर मुदत वाढवायची, हा तर कुरआनचाच हुकूम आहे. जकातचा पैसा मात्र या फंडात सरळ टाकू नये. जकातमध्ये रक्कम हकदाराच्या मालकीची करून द्यावी लागते, कर्ज म्हणून परत घेता येत नाही. फंड सदका आणि इमदादीतून उभारावा, जकात वेगळी द्यावी. हिशोब मस्जिदीच्या फलकावर लावावा, म्हणजे कोणाला कोणाकडे विचारायला जावं लागत नाही.

मळवलीचा शेवटचा दिवस, ३ नोव्हेंबर २००६, शुक्रवार होता. अशा उपक्रमात शेवटच्या दिवशी चाव्या देतात, मिठ्या मारतात, लोक रडतात आणि बसेस निघतात. पण गिलावा तेव्हा ताजा असतो. त्यावर निदान आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाणी मारावं लागतं, नाहीतर महिन्याभरात बारीक तडे दिसायला लागतात. हे काम घरमालकीण करते, लांबून आणलेल्या पाण्याने. म्हणून टीमने निघताना त्या आठवड्याच्या पाण्याच्या टँकरचे पैसे देऊन निघावं, आणि पहिला मोठा पाऊस झाल्यावर, साधारण जूनच्या शेवटी, टीममधले दोघे परत जाऊन छप्पर कुठे गळतंय ते बघून यावेत. दोघांचं लोकलचं भाडं काही फार नाही.